ब्रेक उशिरा लागतो

दरीत पडताना सर्वांत जास्त वेळ हवेत राहण्याचा राज्य विक्रम माझ्या वडिलांच्या नावावर आहे. अकरा पूर्णांक चार सेकंद. त्यांना ही गोष्ट भर कोर्टात कळली.

विक्रम माझा होता, नाव त्यांचं होतं. आमच्या घरात सगळंच आप्पांच्या नावावर असतं. गॅस, रेशनकार्ड, वायफाय, सगळीकडं बसगोंडा सिदगोंडा मगदूम. 'धूळवाट' हा रॅलीचा गेम घरी आला, टीव्हीला डबा जोडला, तेव्हा पडद्यावर पहिलीच सूचना आली की घरातल्या प्रत्येक खेळाडूनं स्वतंत्र खातं उघडावं. आई म्हणाली, एका घरात दोन खाती कशाला, वाटण्या झाल्यात व्हय? मी आप्पांचं नाव टाकलं, आप्पांचा अंगठा लावला, आणि आम्ही एका नावानं खेळायला लागलो.

आप्पा एका खाजगी कंपनीची बस चालवायचे. गडहिंग्लजहून निघून हुंबरखिंडीचा घाट उतरून खाली कोकणात. एकतीस वर्षं, एकही अपघात नाही. गुरुवारी सुट्टी. सुट्टीच्या दिवशी दुपारी ते बनियनवर गेमसमोर बसायचे आणि पुन्हा घाट उतरायला लागायचे. आईनं विचारलं होतं, आठवडाभर तेच करताय, सुट्टीला बी तेच? आप्पा म्हणाले होते, "ह्यात मागं कोण बसलेलं नसतंय. जरा हलकं वाटतंय."

रॅलीत चालकाच्या शेजारी दुसरा माणूस असतो. तो पुढच्या वळणांच्या नोटा वाचतो. डावं की उजवं, आणि एक ते सहा आकडा. सहा म्हणजे जवळजवळ सरळ, एक म्हणजे काटकोनापेक्षा वाईट. 'आवळतंय' म्हटलं की वळण आत जाऊन आणखी घट्ट होणार. गेममध्ये हे वाचायला एक आवाज होता, फार शुद्ध बोलायचा. आप्पांनी तो दुसऱ्या दिवशी बंद केला. म्हणाले, ह्यो माणूस गाडी लागून कधी वकलेला न्हाई. मग नोटा मोबाइलवर घेऊन आई वाचायला लागली. ती स्वतःची भर घालायची. "डावं तीन, पुढं खडी, शाबूगत घसरंल." "उजवं एक, आवळतंय, धुतलेल्या ब्लाऊजगत." आप्पा उत्तर द्यायचे नाहीत, पण ती म्हणेल तिथं गाडी हळू व्हायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर हा माणूस आपलं ऐकायला लागला, असं आई शेजारणींना सांगायची.

मी संध्याकाळी खेळायचो. मला शर्यत जिंकण्यात रस नव्हता. मी गाडी दरीत घालायचो. ह्याला आम्ही घाटउडी म्हणायचो, आणि अशी मुलं राज्यात बरीच होती. रस्ता सोडायच्या आधी मी तीन वेळा हॉर्न वाजवायचो, ती माझी सही होती. चाळीस हजार लोक माझे व्हिडिओ बघायचे आणि मला बसगोंडा म्हणायचे. सोळा जणांनी टीशर्ट छापले होते. त्यातला एक मी आप्पांना दिला. आपल्या नावाचा टीशर्ट बघून त्यांना बरं वाटलं. टीशर्ट कशासाठी छापलेत, हे त्यांनी विचारलं नाही.

आता ठशाविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

'धूळवाट'च्या स्टिअरिंगच्या वेष्टणाखाली चारशे संवेदक होते. मुठीचा दाब, तळव्याचा घाम, पेडलवरच्या पायाचा वेग, सगळं टिपलं जायचं. टीव्हीवरचा कॅमेरा बुबुळांकडं बघायचा. वळण डोळ्याला दिसल्यापासून पाय हलेपर्यंत माणसाच्या आत जे होतं, ते सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं जायचं. असे शंभरेक तास जमले की गेमकडं तुमचा ठसा तयार. ठसा म्हणजे तुमच्या आठवणी नव्हेत, मतं नव्हेत. या रस्त्यावर, या वेगात, हा माणूस पुढच्या दीड सेकंदात काय करेल, एवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर देणारं ते गणित. तुम्ही जेवायला बसलात तरी तुमचा मित्र तुमच्या ठशाशी शर्यत लावू शकतो, त्यासाठी ते केलेलं होतं.

पण गाडी चालवताना माणूस तेवढाच असतो, हे सरकारच्या लक्षात आलं. अपघात झाला की चालक खोटं बोलतो, साक्षीदार झोपलेले असतात. त्यापेक्षा तोच रस्ता, तोच वेग, तेवढंच वजन संगणकात उभं करायचं, चालकाचा ठसा खुर्चीवर बसवायचा आणि तो प्रसंग हजार वेळा घडवायचा. किती वेळा वाचला ते मोजायचं. ह्याला चालक-अनुमान चाचणी म्हणतात आणि ती तीन वर्षांपासून कायद्यात आहे.

मार्चमधल्या एका स्वच्छ सकाळी दहा वाजता आप्पांची बस वकिलाच्या वळणावरून दरीत गेली. कधीकाळी एक वकील बुलेटसकट तिथून गेला होता म्हणून ते नाव. नऊ माणसं गेली. त्यात इस्माईलभाई होते, आप्पांचे कंडक्टर, चौदा वर्षं एका डब्यात जेवलेले. आप्पांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. बाकी काही झालं नाही, आणि ह्याची त्यांना फार लाज वाटत होती.

दवाखान्यात त्यांनी पोलिसांना जबाब दिला. पाय वेळेवर दिला होता. गाडीनं ऐकलं नाही. मग ऐकलं, तवर वळण संपलं होतं.

कंपनीच्या नव्या गाड्यांत पेडलपासून ब्रेकपर्यंत नळी नसते. पेडल दाबलं की एका पेटीला निरोप जातो, पेटी विचार करते आणि ब्रेक आवळते. सपाट रस्त्यावर हा विचार कळतही नाही. लांब उतारावर पेटी तापली की ती रेंगाळते. पण पेडल कधी दाबलं ह्याची नोंदही तीच पेटी ठेवते, आणि ती स्वतः जागी होते तेव्हाची वेळ लिहिते. म्हणजे उशीर करणारी आणि उशिराची तक्रार लिहून घेणारी एकच. सरकारी कचेरीत हे आपण पाहिलेलं आहे. गाडीत पहिल्यांदाच आलं.

नोंदीप्रमाणे आप्पांनी ब्रेक उशिरा लावला होता. आप्पा म्हणाले, मी आधीच तक्रार दिलीया, तीन बार. कंपनीनं ती आनंदानं कोर्टात हजर केली.

तक्रारवही आता ॲपमध्ये असते आणि चालकानं ती बोलून द्यायची असते. आप्पा तिन्ही वेळा बोलले होते, "ब्रेक उशिरा लागतो." ॲपनं तिन्ही वेळा लिहिलं होतं, "ब्रेक उशिरा लावतो." खाली नाव, बिल्ला क्रमांक, तारीख. वाचणाऱ्याला वाटावं की एक चालक दर महिन्याला स्वतःहून आपल्या पापाची कबुली देतोय आणि कंपनी मोठ्या मनानं त्याला सांभाळून घेतेय. मूळ आवाज? तो जागा वाचवण्यासाठी सात दिवसांनी पुसला जातो.

आमच्या वकील ॲडव्होकेट नाटेकर म्हणाल्या, घाबरू नका, ठसा आहे ना. एकतीस वर्षांचा चालक आहे. चाचणीच मागूया.

चाचणी आम्हीच मागितली.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉ. केतकी हर्डीकर निकाल घेऊन आल्या. कोर्टात पडदा लावला. समोरच्या बाकांवर गेलेल्यांच्या घरची माणसं होती, पहिल्या बाकावर इस्माईलभाईंच्या हसीनाभाभी. हजार फेऱ्यांपैकी सहाशे अडतीस फेऱ्यांत बस दरीत गेली. त्यातल्या दोनशे अकरा फेऱ्यांत, डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं, रस्ता सोडण्याआधी चालक तीन वेळा हॉर्न वाजवतो. ह्याचं कारण समजू शकलेलं नाही. एका फेरीत बस हवेत उलटी फिरून मागच्या बाजूनं खाली जाते. ह्याचंही कारण समजू शकलेलं नाही. तसंच गेमच्या नोंदीनुसार आरोपीच्या नावावर एक विक्रम आहे.

त्यांनी नमुन्यादाखल एक फेरी दाखवली. भरलेली बस वळणावर आली. पों पों पों.

हसीनाभाभींनी आप्पांकडं बघितलं. ते बघणं माझं होतं, पत्ता चुकून त्यांच्याकडं गेलं होतं. आप्पा पडद्याकडं बघत होते. नवशिक्या चालकाची गाडी बघतात तसं, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत.

ते हॉर्न माझे आहेत, हे मी आईला घरी येऊन सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, "मग सांग की जाऊन. सांगताना हसू नको फक्त."

मला घाबरलो की हसू येतं. कोर्टात आलंच. न्यायाधीशांनी दोनदा ताकीद दिली, मी दोनदा माफी मागितली आणि हसत हसत सांगितलं की ठशात दोन माणसं आहेत. दरीत पडणारा मी आहे. मी गुरुनाथ बसगोंडा मगदूम, वय बावीस, धंदा पडणे. पुराव्यादाखल माझे चारशे व्हिडिओ जोडले. आप्पांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं वळून बघितलं. आणि एवढंच विचारलं, तेही हळू, की मुद्दाम पाडायचास? मी मान हलवली. त्यांना ते कळलं नाही. गाडी मुद्दाम पाडतात हे त्यांच्या डोक्यात बसायला जागाच नव्हती.

ठसे वेगळे करता येतात. एका ध्वनिफितीत दोन माणसं बोलत असतील आणि एकाचा आवाज आधी माहीत असेल, तर तो वजा करून दुसरा ऐकता येतो, तसंच ते असतं. त्यासाठी मला तीन दिवस प्रयोगशाळेत गाडी चालवावी लागली. नीट चालवा, असं डॉ. हर्डीकर सारखं सांगत होत्या. मी प्रामाणिकपणे नीट चालवत होतो. निकाल आला तेव्हा माझा ठसा हजारपैकी हजार वेळा दरीत गेला. एकमतानं. नियमाप्रमाणे माझा वाहन परवाना आजन्म रद्द झाला. मी तक्रार करणार नाही, आकडा स्पष्ट होता.

मग माझे तास वजा झाले आणि खाली आप्पांचे एकशे सात तास उरले. डॉक्टरांनी तो ठसा बसवला आणि फेऱ्या चालू केल्या. डॉक्टर आणि मी पडद्यासमोर डबा खात बसलो. शंभर. तीनशे. सहाशे. बस दर वेळी वळणाच्या बरीच आधी दुसऱ्या गिअरमध्ये यायची, म्हाताऱ्या माणसाला हात देऊन पायरी उतरवावी तशी खाली उतरायची आणि पांढऱ्या पट्टीच्या आत राहायची. हजार झाले. दरीत शून्य.

डॉक्टरांनी डबा बाजूला ठेवला. म्हणाल्या, मी असा आकडा पाहिलेला नाही. मग माझ्या आग्रहाखातर त्यांनी ब्रेकमध्ये खोटा उशीर घालून बघितला. अर्धा सेकंद, पाऊण, एक. आप्पा वाचवत होते. एक पूर्णांक एक सेकंदापर्यंत वाचवलं. त्याच्या पुढं हजारातली एकही बस वाचली नाही. म्हणजे त्या दिवशी काय झालं असणार, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाही कळलं.

मी म्हटलं, हे लिहा. त्या म्हणाल्या, चाचणी चालकाची असते, गाडीची नसते. गाडीला ठसा नाही.

मी शून्य घेऊन घरी आलो. पेढे आणावेत असं मनात होतं. नाटेकर वकिलीणबाई निकाल वाचून खुर्चीत मागं टेकल्या. मग त्यांनी आम्हा तिघांना समजावलं. चालक कच्चा असेल तर तो निष्काळजीपणा, दोन वर्षं, वय बघून कमीही. पण हजारात एकदाही न चुकणाऱ्या माणसानं त्या दिवशी ब्रेक उशिरा लावला, अशी गाडीची नोंद म्हणते. नोंद खोटी म्हणता येत नाही, ती प्रमाणित यंत्राची आहे. ठसा खोटा म्हणता येत नाही, तो आपणच सिद्ध केलाय. मग तिसरं एकच उरतं. त्यानं मुद्दाम केलं. नऊ माणसं. दहा वर्षांच्या खाली येत नाही.

"मुलाला सांगू दे की वडिलांच्या मायेपोटी खोटं बोललो," त्या म्हणाल्या. "त्याचे तास परत ठशात घालू. सहाशे अडतीसवर जाऊ."

मी लगेच तयार झालो. दरीत पडणं माझ्या हातचा मळ होता, आणि आता त्याचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होणार होता. आप्पांनी कागद हातात घेतला, लांब धरला, शून्य बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मार्चनंतर आलं नव्हतं.

"खोडायचं न्हाई ह्ये," ते म्हणाले.

नाटेकरबाईंनी पुन्हा वर्षांचा हिशेब सांगितला. मी म्हटलं, आप्पा, मानाचं नंतर बघू.

"मानाचं न्हाई रं." ते कागद घडी करत होते. "डायव्हर कच्चा हुता म्हटलं की विषय मिटला. फाइल बंद. तीच पेटी चाळीस गाड्यांत हाय. डायव्हर चांगला हुता असं लिवलेलं ऱ्हायलं, तर कवातरी कुणीतरी इचारंल की, मग गाडी कशानं गेली? कुणीतरी इचारंलच की."

त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी वय बघून दोन कमी केली.

कुणीतरी विचारेल हा आप्पांचा अंदाज होता, आणि तो सपशेल चुकला. विचारलं कुणीच नाही. उलट, सिद्ध झालेला ठसा कोर्टाच्या कागदपत्रांत जमा असतो आणि जनहितासाठी कुणालाही वापरता येतो, हे कंपनीच्या लक्षात आलं. सहा महिन्यांत त्यांनी चाळीसही गाड्यांतले चालक काढले. चालकाची खुर्ची काढली, तिथं सामान ठेवायला फळी बसवली. गाडी ठसा चालवतो. गाड्यांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'हजारात शून्य'. नाव लिहिलेलं नाही. खुनासारख्या गुन्ह्यात आत असलेल्या माणसाचं नाव जाहिरातीत बरं दिसत नाही.

तुरुंग घाटाखाली आहे. खाली जायला तीच बस. म्हणजे आप्पांना भेटायला आम्हाला आप्पांच्याच गाडीनं जावं लागतं.

पहिल्यांदा निघालो तेव्हा आई पुढच्या सीटवर बसली, रिकाम्या फळीच्या मागं. स्टिअरिंग आपोआप फिरत होतं. घाटाच्या तोंडाशी गाडीनं एक गिअर टाकला आणि थोडी थांबली. आप्पा तिथं तसंच थांबायचे, मागची माणसं बसलीत ना बघायला. आई म्हणाली, "बघ, तेच हाईत." मी म्हटलं ते गणित आहे. ती म्हणाली, "गणितच की. लग्न झाल्यापासनं बघालोय."

समोरच्या छोट्या पडद्यावर, ठशानं पेडल दाबलं की एक लाल खूण उमटते. मग अंगाला पुढं हिसका बसतो. वकिलाच्या वळणावर खूण उमटली आणि हिसका लगेच आला नाही. मी मनात मोजलं. अर्ध्या सेकंदाच्या आत आला. आईनंही मोजलं असावं, कारण त्यानंतरच्या वळणापासून ती हळू आवाजात म्हणायला लागली, "डावं तीन. पुढं खडी. सावकाश."

भेटीच्या खोलीत जाळी होती. आप्पा वाळले होते. त्यांनी घरचं विचारलं नाही.

"ब्रेक कसा लागतोय?"

मी म्हटलं, उशिरा.

"लागतोय का लावतोय?"

"लागतोय, आप्पा. तुम्ही वेळेवर लावताय."

त्यांनी मान डोलावली. मग जाळीपलीकडं माझ्याकडं न बघता, त्यांनी विचारलं की मागं किती माणसं होती. मी म्हटलं भरलेली. त्यांनी डोळे मिटून घेतले. ज्या माणसाला मागं कुणी नसलं की हलकं वाटायचं, तो आता दिवसाला चाळीस भरलेल्या बस उतरवत होता, आणि त्याचा पाय तुरुंगात होता.

मी तक्रार केली. बोलून नाही, टाइप करून. "ब्रेक उशिरा लागतो." ॲपनं ते आपलं आपण दुरुस्त केलं, "लावतो." मी पुन्हा ग टाकला, त्यानं पुन्हा व टाकला. सहाव्या वेळी मी तसंच पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. 'सदर गाडीस चालक नसल्यामुळे चालकाविरुद्धची आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपला प्रवास सुखाचा होवो.' मी व्हिडिओ केला, पेटी समजावून सांगितली, उशिराचे आकडे दिले. चाळीस हजार लोकांनी बघितला. खाली एकानं लिहिलं, भावा, पडायचं कधी?

आई आता रोज जाते. भेट महिन्यातून एकदाच असते, पण ती सकाळी साडेआठची गाडी धरते, घाट उतरते आणि दुपारच्या गाडीनं परत येते. मी विचारलं, कशाला? म्हणाली, "तेवढा घाट त्यांनी एकट्यानं उतरायचा व्हय?"

सुरुवातीला लोक हसायचे. एकदोघांनी डोक्याजवळ बोट फिरवलं. महिन्याभरात पुढची सीट तिच्यासाठी मोकळी राहायला लागली. दोन महिन्यांत रोजच्या प्रवाशांना नोटा पाठ झाल्या. आता वकिलाचं वळण आलं की सगळी बस एका सुरात म्हणते, "उजवं एक, आवळतंय." शाळेच्या बाई म्हणतात, मासळीवाल्या म्हणतात, बँकेतले साहेब बॅग मांडीवर घेऊन म्हणतात. कुणीतरी पुढच्या काचेला जास्वंदीचं फूल खोचतं. मी एकदा उभा राहून सांगितलं की ब्रेकचा उशीर वाढतोय, आपण सगळ्यांनी सही करून अर्ज देऊया. एका काकांनी मला प्रेमानं खाली बसवलं.

"काय होत न्हाई पोरा," ते म्हणाले. "मावशी हाय की."

पहिल्या दिवशी उशीर शून्य पूर्णांक चार सेकंद होता. गणपतीत सहा. दिवाळीनंतर आठ. परवा एक सेकंद पूर्ण झाला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या शेवटच्या आकड्याला एक दशांश कमी, आणि मागचं चाक पट्टीच्या बाहेरची खडी उडवून आत आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आई वाजवत नव्हती.

काल मी तिला म्हटलं, उद्यापासून जाऊ नको. तिनं डबा भरून ठेवला.

हे मी तिच्या शेजारी बसून लिहितोय. गाडी भरलेली आहे. हसीनाभाभी आज आल्यात, खाली त्यांच्या बहिणीकडं चालल्यात, दुसरी गाडीच नाही. त्या आमच्या मागच्या सीटवर बसल्यात आणि आईशी बोललेल्या नाहीत. गाडी वळणाच्या फार आधीपासून दुसऱ्या गिअरमध्ये आलीय. आप्पा हल्ली इतक्या लांबून गाडी धरून ठेवतात की मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात. तेवढं सोडलं तर त्यांना दुसरं काही करता येत नाही.

लोक म्हणायला लागलेत. डावं तीन. खडी. सरळ, थोडं. हसीनाभाभींचाही आवाज त्यात आला, आणि आईनं मागं हात केला. त्यांनी तो धरला की नाही हे मला दिसत नाही, कारण मी पडद्याकडं बघतोय.

उजवं एक. आवळतंय.

खूण उमटली. आप्पांनी पाय दिलाय, वेळेवर. मी घड्याळ दाबलंय.